परदेशातील अध्ययन आणि विद्यार्थ्यांची छायाचित्रे : एक चिकित्सा

प्रस्तावना

परदेशात काही काळ शिकून परतलेला विद्यार्थी आपला अनुभव इतरांपुढे मांडतो, तेव्हा पूर्वी त्याचे साधन पत्र, रोजनिशी किंवा प्रवासवर्णन हे असे. आज ते प्रामुख्याने छायाचित्र आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत परदेशी अध्ययन विभागाच्या वतीने परतलेल्या विद्यार्थ्यांसाठी छायाचित्र स्पर्धा घेतल्या जातात. अमेरिकेच्या परराष्ट्र व शिक्षण या दोन खात्यांनी 2000 मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताहाच्या निमित्ताने अशा चित्रांची प्रदर्शनेही मांडली गेली आहेत. निवडलेली चित्रे पुढे विभागाच्या माहितीपत्रकात येतात आणि पुढील तुकडीला परदेशी जाण्यास प्रवृत्त करतात.

विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध प्राध्यापक ज्या काटेकोरपणे तपासतो, त्या काटेकोरपणे त्याने काढलेले छायाचित्र मात्र क्वचितच तपासले जाते. ते सुंदर आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारला जातो. प्रस्तुत लेखात या छायाचित्रांचा शैक्षणिक दस्तऐवज म्हणून विचार केला आहे. परदेशातील अध्ययनाचे मोल चित्राच्या चौकटीत जितके दिसते, त्याहून अधिक ते चित्राखालच्या ओळीत दिसते. आणि ती ओळ रिकामी ठेवणारी स्पर्धा विद्यार्थ्याला पाहुणा न बनवता प्रेक्षक बनवते, असे येथील प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

पदवीच्या शिक्षणाचा एक भाग म्हणून परदेशी राहण्याची अमेरिकन परंपरा साधारणतः 1923 पासून मानली जाते. त्या वर्षी डेलावेअर विद्यापीठातील प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड हे आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले. युरोपात 1987 मध्ये इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी अकरा देशांतील 3,244 विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. अमेरिकेत 2018-19 या वर्षी 3,47,099 विद्यार्थी परदेशी अध्ययनासाठी गेले. महासाथीमुळे 2020-21 मध्ये ही संख्या 14,549 वर आली आणि 2022-23 मध्ये पुन्हा 2,80,716 पर्यंत पोहोचली.

कॅमेऱ्याचा इतिहास या इतिहासाला समांतर चालतो. 1888 मध्ये कोडॅकचा पेटी कॅमेरा आला, 1900 मध्ये एक डॉलर किमतीचा ब्राउनी आला आणि छायाचित्रण हौशी माणसाच्या हातात गेले. तरीही फिल्मच्या काळात प्रत्येक चित्राला खर्च होता, म्हणून निवड होती. शिवाय चित्र धुऊन हाती येईपर्यंत वाट पाहावी लागे. मोबाइलमधील कॅमेरा आणि 2010 मध्ये आलेले इन्स्टाग्राम यांनी हे दोन्ही अडथळे दूर केले. पूर्वी अनुभव आधी येई आणि त्याचे सादरीकरण नंतर होई. आता अनुभव घडत असतानाच त्याचे सादरीकरण होते. या बदलाचा परिणाम चित्रांच्या संख्येवर झाला तसा विद्यार्थ्याच्या दृष्टीवरही झाला आहे.

चित्रांचे प्रकार

या स्पर्धांतून व प्रदर्शनांतून येणाऱ्या चित्रांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार प्रसिद्ध स्थळांचा : आयफेल टॉवर, माचू पिचू, ताजमहाल. दुसरा प्रकार विजयाचा : डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला किंवा आपल्या विद्यापीठाचा ध्वज धरलेला विद्यार्थी. तिसरा प्रकार स्थानिक माणसांचा : बाजारातील भाजीवाली, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा वृद्ध, कॅमेऱ्याकडे पाहून हसणारी मुले. चौथा प्रकार दैनंदिनाचा : यजमान कुटुंबाचे स्वयंपाकघर, वर्गातील फळा, रोजच्या बसचा थांबा.

पहिल्या प्रकारातील चित्रे निरुपद्रवी असतात, पण ती विद्यार्थ्याविषयी फारसे काही सांगत नाहीत. त्या स्थळी एक दिवस गेलेला पर्यटकही तेच चित्र काढतो. दुसऱ्या प्रकारात परदेश हा पार्श्वभूमीचा पडदा होतो आणि नायक विद्यार्थी स्वतः असतो. चौथ्या प्रकारातील चित्रे दिसायला बहुधा साधी असतात, त्यामुळे ती मागे पडण्याची शक्यता अधिक. परंतु तीच केवळ तेथे राहिलेल्या माणसाला काढता येतात. बसच्या थांब्याचे चित्र काढायला तो थांबा आपला व्हावा लागतो.

खरा प्रश्न तिसऱ्या प्रकाराचा आहे. ही चित्रे परीक्षकांचे लक्ष सहज वेधतात, कारण त्यांत रंग असतो, चेहरा असतो, भाव असतो. मात्र त्यांच्याखाली सामान्यतः छायाचित्रकाराचे नाव, चित्राचे शीर्षक आणि देशाचे नाव एवढेच छापलेले असते. ज्याचा चेहरा चित्रभर पसरलेला आहे, त्याचे नाव कोठेच नसते. चेहऱ्याच्या जागी मग 'निरागसता', 'आशा', 'साधेपणा' अशी भाववाचक नामे शीर्षक म्हणून येतात. व्यक्तीचे विशेषनाम जाऊन तेथे भाववाचक नाम येते, तेव्हा माणसाचे प्रतीकात रूपांतर झालेले असते. लहान मुलांच्या अशा चित्रांत कॅमेरा पुष्कळदा उभ्या प्रौढाच्या उंचीवर असतो आणि मूल मान वर करून पाहत असते. पाहणारा वर आणि पाहिला जाणारा खाली, ही रचना तंत्राचा भाग वाटते. पण ती नात्याचेही वर्णन करते.

येथे आणखी एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक युरोपात जातात. ब्रिटन, इटली, स्पेन व फ्रान्स हे देश त्यांत अग्रभागी असतात. रोम किंवा लंडन येथील रस्त्यावरच्या अनोळखी मुलाचे निकटचित्र विचारल्यावाचून काढून ते स्पर्धेला पाठवावे, असे विद्यार्थ्याच्या सहसा मनात येत नाही. तोच विद्यार्थी आफ्रिकेत वा दक्षिण आशियात गेला की हा संकोच गळून पडतो. संकोच कोठे वाटतो आणि कोठे वाटत नाही, यावरून विद्यार्थ्याने जगाची मनोमन कशी वाटणी केली आहे, हे कळते.

संशोधनाची साक्ष

ही वाटणी विद्यार्थी स्वतः निर्माण करतो की ती त्याला आयती मिळते, याविषयी पर्यटन-अभ्यासात चर्चा झाली आहे. ऑलिव्हिया जेन्किन्स यांनी 2003 मध्ये प्रवासी माहितीपत्रके आणि प्रवाशांची छायाचित्रे यांच्यातील संबंधाचा अभ्यास केला. माहितीपत्रकात पाहिलेले चित्र प्रवासी शोधत जातो, तसेच चित्र काढतो आणि ते इतरांना दाखवतो. अशा रीतीने प्रतिमेचे एक वर्तुळ पूर्ण होते. केली केटन आणि कार्ला सँतोस यांनी 2009 मध्ये 'सेमिस्टर अ‍ॅट सी' या जहाजावरील अध्ययनक्रमाच्या प्रसिद्धी-साहित्याची तपासणी केली. पारंपरिक विरुद्ध आधुनिक, पाहणारा विरुद्ध पाहिला जाणारा, अशी द्वंद्वे त्या साहित्यात पुन्हा पुन्हा येतात, असे त्यांना आढळले.

मात्र याच दोन अभ्यासकांनी 2008 मध्ये परदेशी अध्ययनाला गेलेल्या विद्यार्थ्यांची स्वतःची छायाचित्रे घेऊन त्यांच्याशी त्या चित्रांविषयी संवाद साधला, तेव्हा वर्तुळाची कल्पना वस्तुस्थिती अधिक सोपी करून सांगते, असे दिसून आले. यातून प्राध्यापकांनी घ्यावा असा बोध पद्धतीचा आहे. विद्यार्थ्याला चित्राविषयी बोलते केले, तर चित्रात न दिसणारे बरेच काही हाती येते. ठरीव वाटणाऱ्या चित्रामागे एखादे खरे नाते असू शकते आणि अत्यंत कलात्मक चित्रामागे काहीच नसू शकते. चित्र एकटे साक्ष देत नाही.

अलिक्सँड्रा बाराश व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोगही येथे विचारात घेण्यासारखे आहेत. स्वेच्छेने छायाचित्रे काढणाऱ्यांना पाहिलेल्या गोष्टी अधिक चांगल्या आठवल्या, पण ऐकलेल्या गोष्टी कमी आठवल्या. सामान्य पर्यटकासाठी हा व्यवहार कदाचित तोट्याचा नाही. परंतु जो विद्यार्थी परक्या भाषेत शिकायला गेला आहे, त्याचे मुख्य इंद्रिय कान हे आहे. बाजारातील भाजीवालीचे चित्र घेताना तिचे बोलणे निसटत असेल, तर त्याने अभ्यासाच्या दृष्टीने गौण ते घेऊन मुख्य ते सोडले, असे म्हणावे लागेल.

एक जुने छायाचित्र

या प्रश्नाची दुसरी बाजू मराठी वाचकाला परिचित असलेल्या एका छायाचित्रातून स्पष्ट होते. 10 ऑक्टोबर 1885 या दिनांकाचे, फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातील तीन परदेशी विद्यार्थिनींचे ते चित्र आहे. भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या तिघी त्यात आपापल्या देशाच्या वेषात आहेत. येथे परदेशी शिकायला आलेली विद्यार्थिनी कॅमेऱ्यामागे नाही, कॅमेऱ्यासमोर आहे.

हे चित्र निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. तिघींना शेजारी शेजारी बसवून तीन देशांचे नमुने मांडावेत, अशी त्याची रचना आहे. त्या ज्या विद्येसाठी आल्या, त्या विद्येची एकही खूण त्यात नाही. आनंदीबाईंनी अमेरिकेत काढलेले थंडीचे दिवस, त्यांची ढासळत गेलेली प्रकृती, यांचाही मागमूस नाही. ते त्यांच्या पत्रांतून कळते. 1886 मध्ये पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच निवर्तल्या, ही जाणीव ठेवून पाहणाऱ्यालाच त्या चित्राचे मोल कळते.

तथापि या चित्रात एक गोष्ट आहे. तिघींची नावे व गावे त्यासोबत नोंदलेली आहेत. त्यांचे लेखन आज रूढ असलेल्या रूपांहून वेगळे असेल, पण ती नोंद आहे. तिच्यामुळेच पुढील अभ्यासकाला त्या नमुन्यांतून माणसे परत मिळवता आली. त्यांची चरित्रे शोधता आली. ती ओळ नसती, तर 'पौर्वात्य वेषातील तीन स्त्रिया' एवढाच त्या चित्राचा अर्थ उरला असता. एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या संस्थेने जेवढे पाळले, तेवढे आजच्या स्पर्धेच्या फलकाकडून अपेक्षिणे अवाजवी नाही.

नाव, संमती आणि मर्यादा

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक चित्राखाली नाव छापणे हा खासगीपणाचा भंग ठरेल, विशेषतः मुले, रुग्ण किंवा संकटग्रस्त व्यक्ती यांच्या बाबतीत. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नाव छापणे आणि नाव माहीत असणे यांत फरक करावा लागतो. अपेक्षा दुसऱ्या गोष्टीची आहे. ज्याचे चित्र घेतले त्याचे नाव विद्यार्थ्याला ठाऊक आहे काय, त्याला विचारले होते काय, चित्र कोठे लागणार हे त्याला समजले होते काय, ही माहिती संस्थेला मिळावी. ती प्रसिद्ध करणे आवश्यक नाही.

नॉर्वेतील विद्यार्थी व अध्यापकांच्या साह्यनिधीने, म्हणजे साइह या संस्थेने, 2017 मध्ये स्वयंसेवक व प्रवासी यांच्यासाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. समोरच्याची प्रतिष्ठा जपावी, समजून दिलेली संमती घ्यावी, आपल्या हेतूला प्रश्न विचारावा आणि रूढ प्रतिमा मोडण्याची संधी घ्यावी, अशी चार तत्त्वे तिच्यात आहेत. ती विद्यार्थी-चळवळीतून पुढे आली, हे विशेष. विद्यार्थ्यांना हा प्रश्न समजत नाही, अशी सबब त्यामुळे उरत नाही.

मूल्यमापनाची दिशा

उपायासाठी नवे शास्त्र निर्माण करण्याची गरज नाही. छायाचित्र समोर ठेवून मुलाखत घेण्याची पद्धत मानवशास्त्रात जॉन कॉलियर यांच्या 1957 मधील लेखापासून रुजली आहे. कॅरोलिन वाँग व मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन विकसित केलेली आणि 1997 मध्ये मांडलेली 'फोटोव्हॉइस' पद्धती याहून एक पाऊल पुढे जाते. चित्रात काय दिसते, प्रत्यक्षात काय घडत आहे, त्याचा आपल्या जीवनाशी काय संबंध, ही स्थिती का आहे आणि काय करता येईल, असे प्रश्न या पद्धतीत चित्रासंबंधी विचारले जातात. हेच प्रश्न परतलेल्या विद्यार्थ्याला विचारता येतील. शंभर चित्रांऐवजी पाच चित्रे आणि प्रत्येकाखाली दहा ओळी, एवढा बदलही स्पर्धेचे रूपांतर अभ्यासात करण्यास पुरेसा आहे. ज्या चित्राखाली लिहायला विद्यार्थ्याजवळ दहा ओळी नाहीत, ते चित्र कितीही देखणे असले तरी ते अध्ययनाचे फलित नव्हे.

समारोप

हा विचार महाराष्ट्रातील महाविद्यालयांना दूरचा नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे मराठीचे वर्ग पुण्यात भरत आले आहेत. अमेरिकेतील असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट या महाविद्यालय-संघाचे विद्यार्थीही अनेक वर्षे पुण्यातील कुटुंबांत राहून शिकत. त्यांच्या चित्रांत आपली माणसे आलेली आहेत. दुसरीकडे, 2023-24 मध्ये एकट्या अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी शिकत होते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनी परदेशी संस्थांसह संयुक्त व दुहेरी पदवीचा मार्ग खुला केला आहे. परदेशी सत्रे करून परतणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची चित्रेही आता महाविद्यालयांच्या फलकांवर लागतील. आपण पाहिले जाणारेही आहोत आणि पाहणारेही होत आहोत.

अशा वेळी परीक्षकाच्या आसनावर बसणाऱ्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला प्रथम एक साधा प्रश्न विचारावा : या चित्रातील माणसाचे नाव काय? उत्तर मिळाले, तर पुढील चर्चा सुरू होईल. मिळाले नाही, तर विद्यार्थी त्या देशात जाऊन आला असला, तरी त्याचे तेथील शिक्षण अद्याप व्हावयाचे आहे, असे समजावे.