‘तडा आढळला नाही’ म्हणजे नेमकं काय?

जालन्यात सळईवर बोलायचं म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाची ओळख करून देण्यासारखं आहे. तरी आज आपण वाक-चाचणीच्या निकालाची थोडी चिकित्सा करू. सळई पास होते ती कशावर? तर ‘तडा आढळला नाही’ यावर.

आयएस १७८६ प्रमाणे २० मिमीपर्यंतची एफई ५०० सळई, व्यासाच्या चौपट जाडीच्या मँड्रेलभोवती, म्हणजे गोल दांड्याभोवती, १८० अंशांत वाकवतात. १६ मिमीच्या सळईला ६४ मिमीचा दांडा. बाहेरचं अंग यात साधारण २० टक्के ताणलं जातं. मग भिंग न लावता नुसत्या डोळ्यांनी बघायचं.

इथे आम्हाला मीमांसक आठवतात. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला प्रमाण मानतात, पण अट घालून: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. टेबलावर घडा नाही, हे उजेडात कळतं, अंधारात नाही. केसाएवढी चीर नुसत्या डोळ्याला अंधारातल्या घड्यासारखीच. म्हणजे ‘आढळला नाही’ हे बघणाऱ्याबद्दलचं विधान, आणि आपण ते सळईबद्दलचं समजून घर बांधतो.

पुनर्वाक चाचणी आम्हाला जास्त शहाणी वाटते. सळई १३५ अंशांच्या कोनापर्यंत वाकवा, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, थंड करून १५७.५ अंशांपर्यंत उलट उघडा. ताणलेलं पोलाद काळानं, विशेषतः नायट्रोजनमुळे, ठिसूळ होतं का, ते यात उघडं पडतं. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांच्या गावात हिचं मोल मोठं. पण उत्तर पुन्हा तुटली की नाही, एवढंच!

तडा मोजायचा तर तो आधी मुद्दाम पाडावा लागतो. खाच द्यायची, वारंवार भार देऊन तिच्या टोकाला बारीक तडा आणायचा, मग तीन बिंदूंवर वाकवून तोंड किती उघडतं ते क्लिप गेजनं मोजायचं. भार आणि उघडणं, दोन्हींवरून तडा पुढे सरकायला किती ऊर्जा लागते ते कळतं. प्लॅस्टिकमध्ये वेग आणि तापमान बदललं की आकडाच बदलतो. शेतातला पॉलिथिलीनचा पाइप आज वाकवला तर शाबूत. पण थोड्याशा ताणाखाली त्याच्यात वर्षानुवर्षं तडा सरकू शकतो.

प्रत्येक रोलिंग मिलनं हे करावं, असं आम्ही म्हणत नाही. बारीक सळईतून तसा नमुना काढणंही कठीण. पण दांड्याचा व्यास आणि पुनर्वाकाचा निकाल तरी गिऱ्हाइकानं मागावा. आणि साइटवर ८ मिमीच्या रिंगा ज्या खुंट्याभोवती वळवतात, त्याची जाडीही एकदा मोजून बघावी. याच हिशेबानं ती ३२ मिमी हवी.