मोहरीच्या गोष्टीत हरवलेले जिलेटिन

फोटोच्या फिल्मविषयी लिहिताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. गाईंनी मोहरीवर्गीय वनस्पती खाल्ल्या, त्यांतील गंधकाची संयुगे जिलेटिनमध्ये उतरली आणि फिल्म प्रकाशाला अधिक संवेदनशील झाली. गाईंना मोहरी आवडली नसती तर सिनेमा झाला नसता, हा विनोदही सोबत असतो. गोष्ट निराधार नाही. कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ च्या सुमारास ही संयुगे दाखवून दिली. आमची तक्रार वेगळी आहे. ही गोष्ट संपली, की उरलेल्या लेखात जिलेटिन म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइड चिकटवणारा डिंक, एवढेच उरते.

जिलेटिनचे मोठे काम स्फटिक जन्मतानाच सुरू होते. नुसत्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट व पोटॅशियम ब्रोमाइड मिसळले, की फिकट पिवळा साका गुठळ्या होऊन तळाशी बसतो. जिलेटिनच्या कोमट द्रावणात मात्र दुधाळ मिश्रण तसेच टिकते. जिलेटिनचे लांबलचक रेणू कणांच्या पृष्ठभागांना धरतात व कणांना एकमेकांना बिलगू देत नाहीत. पण हे आवरण पाण्याने फुगलेले असते, आयन त्यातून ये-जा करतात. त्यामुळे गुठळी होत नाही, तरी वाढ चालू राहते. मिश्रण उबेत ठेवले, की बारीक कण विरघळतात आणि त्यांच्या आयनांवर मोठे कण पोसतात. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी मिश्रण काही दिवस उबेत ठेवून जलद प्लेटा बनवल्या, त्यात या पोसण्याचा मोठा वाटा होता. मोठ्या स्फटिकावर प्रकाश जास्त पडतो. त्यावर चांदीच्या मोजक्या अणूंचा ठिपका तयार झाला, की डेव्हलपरमध्ये सबंध स्फटिकाची चांदी होते.

(‘इमल्शन’ हे नावही फसवे आहे. द्रवात द्रव विखुरले तर ते पायस. इथे तर विखुरलेले घन स्फटिक आहेत.)

मोहरीचा गंधक येतो तो या तयार स्फटिकांच्या पृष्ठभागावर, सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके होऊन. पुढे कारखान्यांनी शुद्ध केलेले जिलेटिन घेऊन गंधकाची संयुगे मोजून वरून घातली. म्हणजे मोहरीची जागा बाटलीने घेतली. स्फटिक सांभाळण्याचे काम जिलेटिनकडेच राहिले. मग लेखात जास्त जागा कोणाला मिळावी?

शिक्षकांनी दोन परीक्षानळ्यांत हा फरक जरूर दाखवावा. सिल्व्हर नायट्रेट पातळच घ्यावे, हातमोजे व चष्मा घालावा. किराणा दुकानातला चायना ग्रास मात्र घेऊ नये. तो समुद्रशेवाळापासून बनतो, जिलेटिन नव्हे.