टाइपएरर आला, फ्लोट लावला, झालं?

डेटा टाइपच्या चुकांवर आपल्याकडे जे सल्ले फिरतात, त्यातले बरेचसे एका वाक्यात बसतात: 'अरे, फ्लोटमध्ये कन्व्हर्ट कर, चालेल.' चालतं, हे खरंच आहे. पण माझी तक्रार नेमकी त्या 'चालतं'बद्दल आहे, आणि ती एका प्रत्यक्ष सेवेवरच दाखवते.

नासाची 'पॉवर' ही सेवा शेती आणि हवामानाच्या संशोधनात बरीच वापरली जाते. अक्षांश-रेखांश आणि तारखा पाठवल्या की रोजचा पाऊस, तापमान, सौर किरणं असं सगळं फुकट मिळतं. शिरपूर जैनसाठी सुमारे २०.२ आणि ७७.० टाकून बघा. (नाव टाकून शोधायच्या भानगडीत पडू नका, धुळ्याचं शिरपूर हाती लागेल. तालुका मालेगाव म्हणालात तर थेट नाशिक जिल्हा!) मिळणारे आकडे गावात बसवलेल्या पर्जन्यमापकाचे नसतात, साधारण अर्ध्या अंशाच्या चौकोनाचे असतात, हेही लक्षात असू द्या.

पायथनमधून ही सेवा पहिल्यांदा बोलावली की बहुतेकांना एक टाइपएरर भेटतो: स्ट्रिंगचा इंडेक्स पूर्णांक हवा. घाबरायचं कारण नाही. आलेलं उत्तर म्हणजे ओळींची यादी असेल असं धरून तुम्ही त्यावर लूप फिरवलेला असतो. प्रत्यक्षात ती डिक्शनरी असते, आणि डिक्शनरीवर लूप फिरवला की फक्त किल्ल्यांची नावं हाती येतात. त्या नावातून तुम्ही पाऊस मागताय! पाऊस चार पायऱ्या खाली आहे: प्रॉपर्टीज, मग पॅरामीटर, मग घटकाचं नाव, मग तारीख. ही चूक ओरडून सांगते म्हणून मला ती आवडते. दहा मिनिटांत सुटते.

आता न ओरडणाऱ्या चुका बघा. जेसनमध्ये तारीख असा प्रकारच नाही. त्यामुळे १५ जून २०२३ ही तारीख '२०२३०६१५' अशा मजकुराच्या रूपात येते. पांडासला तो मजकूर तसाच दिला तर तारीख बरोबर लागते. पण कुणाचं तरी ऐकून आधी पूर्णांक केला आणि फॉरमॅट न सांगता तारखेत बदलला, तर पांडास त्याला १९७० पासूनचे नॅनोसेकंद समजतं. मग अख्खा पावसाळा १ जानेवारी १९७० या एकाच दिवशी पडतो. एरर शून्य. इथे बिघाड सल्ल्यानेच केला, सेवेने नाही.

सेवेचाही एक दोष आहेच. जिथे नोंद नाही तिथे 'पॉवर' −९९९ पाठवते. ताज्या तारखा मागितल्या की हे हमखास दिसतं. उत्तराच्या हेडरमध्ये ते लिहिलेलं असतं, तेवढं श्रेय देऊ. पण जेसनमध्ये 'नल' उपलब्ध असताना रिकाम्या जागी संख्या का भरायची? नल आला असता तर साध्या पायथनच्या बेरजेत कोड तिथल्या तिथे अडला असता. −९९९ हा मात्र अगदी सभ्य फ्लोट आहे, टाइपची कुठलीही तपासणी त्याला अडवत नाही. समजा वर्षाची सरासरी २७ अंश आहे आणि ३६५ दिवसांत असा एकच दिवस शिरला. सरासरी २४.२ येते. पावसाचा उणे आकडा कुणालाही खटकेल, पण २४.२ खटकत नाही. तो तक्त्यात जातो, तिथून आलेखात, आणि मग 'चर्चा' या प्रकरणात त्याची कारणमीमांसासुद्धा होते.

सगळ्यात जास्त राग मला 'एरर्स'ला 'कोअर्स' लावा या सल्ल्याचा येतो. पांडासच्या टू-न्यूमेरिकमध्ये हा पर्याय दिला की जे आकड्यात बदलत नाही ते गुपचूप रिकामं होतं. वार्षिक पावसाचा तक्ता घ्या, ज्यात हजारावरच्या आकड्यांत स्वल्पविराम आहे. ८४०.५ टिकेल, १,०२०.४ उडेल. म्हणजे नेमकी जास्त पावसाची वर्षं गेली! वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथे एखादं वर्ष हजाराच्या अलीकडे तर एखादं पलीकडे, यातून 'पाऊस घटतोय' असा निष्कर्षही निघू शकतो. यादृच्छिक गळती परवडली, ही गळती एकाच बाजूची आहे.

मराठी तक्ते वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. देवनागरी अंकांतला मजकूर पायथनचं इंट निमूट ओळखतं, '४६००' दिलं तर बरोबर संख्या मिळते. जावास्क्रिप्ट तोच मजकूर 'नॅन' ठरवतं. सहकाऱ्याचा कोड दुसऱ्या भाषेत असेल तर दोघांची उत्तरं वेगळी येतील, आणि भांडण मात्र सूत्रावरून होईल.

मग करायचं काय? उत्तर आलं की आधी स्टेटस कोड बघा, मग पहिली दोनशे अक्षरं छापा. कधीकधी जेसनऐवजी एररचं एचटीएमएल पान आलेलं असतं. टाइप छापा, किल्ल्या छापा. रूपांतर करायचं तर आधी कोअर्सशिवाय चालवा, कुठल्या नोंदीवर अडतंय ते डोळ्यांनी बघा, स्वल्पविराम काढा, −९९९ रिकामं करा. त्यानंतर रूपांतराआधी आणि नंतर रिकाम्या नोंदी किती, ते मोजा. दोन आकड्यांत फरक असेल तर तो प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहा, कारणासकट.