शिकाऱ्यांच्या बोलीतील अपयशवाचक शब्द

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘मॉन्स्टर हंटर’ या व्हिडिओ खेळमालेचा आरंभ २००४ साली झाला. तीत चौघांपर्यंत खेळाडू मिळून अजस्र श्वापदाची शिकार करतात. सामान्यतः सर्वांच्या मिळून तीन मूर्च्छा झाल्या की मोहीम फसते. एकाची चूक चौघांस भोवते. अशा स्थितीत दोषाचा उच्चार कसा करावा, हा या खेळाडूंच्या बोलीपुढील खरा प्रश्न होय.

मूर्च्छित शिकाऱ्यास मांजरे गाडीवर घालून तळावर आणून टाकतात. त्यावरून इंग्रजीभाषक खेळाडूंनी ‘कार्ट’ या नामाचे क्रियापद केले. जपानी खेळाडूंनी ‘ओत्सुकारे’ या श्रमगौरवाच्या शिष्टोक्तीचा संक्षेप ‘ओत्सु’ याच अर्थी योजला. तीन मूर्च्छा म्हणजे ‘सान्-ओत्सु’. पहिल्या शब्दात लक्षणा आहे, दुसऱ्यात सौम्य उपरोध. प्रमादाचा उल्लेख मात्र दोहोंतही नाही.

हा सौजन्याचा आडपडदा अर्थातच अपुरा आहे. झोपलेल्या श्वापदावरील पहिला आघात विशेष परिणामकारक असतो. तो एखाद्याने हलक्या प्रहारात दवडला आणि जागे झालेले श्वापद उलटले, तर नुसत्या ‘कार्ट’ या शब्दाने नवख्यास काहीच उमगत नाही. कोणी, केव्हा, कशामुळे हे सांगणारी फजितीची कथाच तेथे उपदेशाचे कार्य करते. शब्दाने अब्रू राखावी व कथेने कारण सांगावे, अशी ही विभागणी आहे. म्हणूनच केवळ शब्दसंग्रहावर थांबणारा अभ्यासक या बोलीच्या निम्म्या अर्थास मुकतो.