घड्याळ आणि 'बनावट बॉम्ब'

साहित्यकृती वाचताना शब्द खरा आहे की पोकळ, हे आम्ही आधी पाहतो. शाळेने दिलेल्या शिक्षेलाही हीच कसोटी लावून पाहावी, असे आम्हाला वाटते.

सप्टेंबर २०१५ ची गोष्ट. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या आयर्विंग शहरात अहमद मोहम्मद या १४ वर्षांच्या मुलाने घरी जुळवलेले घड्याळ शाळेत नेले. इंग्रजीच्या तासाला ते वाजले. शिक्षिकेने ते काढून घेतले, पोलीस आले, मुलाच्या हातात बेड्या पडल्या. संशय होता 'बनावट बॉम्ब' आणल्याचा.

हे दोन शब्द नीट वाचू. बनावट बॉम्ब म्हणजे दुसऱ्याला बॉम्ब वाटावा म्हणून केलेली वस्तू. फसवण्याचा हेतूच नसेल तर या शब्दांना अर्थ उरत नाही. मुलगा तर 'हे घड्याळ आहे' एवढेच सांगत होता. शाळाही रिकामी केली गेली नव्हती. म्हणजे फसवणारा नाही, फसलेला नाही. तरी फसवणुकीचा गुन्हा! पोलिसांनी पुढे खटला भरला नाही. शाळेने मात्र त्याला तीन दिवसांसाठी काढले.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्याला वर्षभर काढण्याची तरतूद केली. बंदुकीसाठी आलेला कडकपणा हळूहळू खेळण्यांपर्यंत आणि इथे घड्याळापर्यंत पोहोचला. खरे तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच, 'गॉस विरुद्ध लोपेझ' खटल्यात, विद्यार्थ्याला काढण्यापूर्वी सहसा आरोप सांगावा आणि त्याची बाजू ऐकावी, असे बजावले होते.

अहमदच्या कुटुंबाने केलेला भेदभावाचा दावा न्यायालयात टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. मनातला आकस सिद्ध करणे अवघड असते. म्हणूनच आधी ऐकून घेण्याचा नियम मोलाचा. अहमदला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी व्हाइट हाउसचे निमंत्रण दिले. ज्याला असे निमंत्रण येत नाही, त्याचे काय?

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील मारहाण आणि मानसिक छळ यांवर बंदी आणली. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा या कायद्याबाहेर ठेवल्या. जिथे हा कायदा दाराशीच थांबतो, तिथल्या छडीला आम्ही कधी जाब विचारतो का? आयर्विंगबद्दल बोलण्याचा हक्क जरूर आहे. पण आमच्या मकतबातला पोरगाही 'मी केलं नाही' असे न घाबरता म्हणू शकला पाहिजे, आणि छडी उचलण्याआधी उस्तादांनी ते ऐकले पाहिजे. इन्साफाची मागणी घरापासून सुरू झाली, तरच तिला वजन येईल.