उद्धरणांची संख्या आणि संशोधनाचे मोल : मेंदूविज्ञानातील एका शोधनिबंधाच्या निमित्ताने

संशोधकाचे शोधनिबंध किती, ते कोणत्या नियतकालिकांत आले आणि इतरांनी ते किती वेळा उद्धृत केले, या तीन आकड्यांना त्याच्या कार्याच्या मूल्यमापनात आज निर्णायक स्थान प्राप्त झाले आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध केला, तो मुख्यतः संदर्भ शोधण्याचे साधन म्हणून. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचविला. ज्याच्या ४० निबंधांना प्रत्येकी किमान ४० उद्धरणे लाभली, त्याचा निर्देशांक किमान ४०, असे हे सुटसुटीत गणित. ग्रंथपालाचे साधन निवड समितीच्या हाती गेले, ते असे हळूहळू.

या मापाची कसोटी पाहण्यास एक प्रकरण विशेष उपयुक्त आहे. मार्च २००६ मध्ये 'नेचर'मध्ये सिल्वँ लेस्ने, कॅरेन ॲश आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. मिनेसोटा विद्यापीठातील या संशोधकांनी 'ए-बीटा-स्टार-५६' नामक प्रथिनसमूह वेगळा केल्याचे सांगितले. तो तरुण उंदरांच्या शरीरात सोडला असता त्यांची स्मरणशक्ती मंदावते, असा त्यांचा दावा होता. अल्झायमरच्या विकारात नेमके कोणते द्रव्य स्मृतीला बाधते, या प्रश्नाला अखेर उत्तर मिळाले असे अनेकांना वाटले. २०२२ पर्यंत सुमारे २,३०० निबंधांनी त्याचा हवाला दिला.

त्याच वर्षी व्हँडरबिल्ट विद्यापीठातील मेंदूविकारतज्ज्ञ मॅथ्यू श्रॅग यांनी निबंधातील चित्रांबद्दल घेतलेले आक्षेप 'सायन्स'ने सविस्तर प्रसिद्ध केले. आक्षेप होता तो प्रथिनांचे पट्टे दाखविणाऱ्या प्रतिमांवर, म्हणजे पुराव्याच्या गाभ्यावरच. चित्रांत फेरफार झाल्याचे ॲश यांनी पुढे मान्य केले. मात्र निष्कर्षाला त्याने बाधा येत नाही, अशी त्यांची भूमिका राहिली. जून २०२४ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. लेस्ने यांची त्यास संमती नव्हती.

या घटनेमुळे अमायलॉइडविषयक संपूर्ण सिद्धान्त कोसळला, असे काही वृत्तपत्रांनी सूचित केले. ते अतिशयोक्त होय. त्या सिद्धान्ताला आनुवंशशास्त्राचा स्वतंत्र आधार आहे, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध या एका निबंधावर उभे नाही. आपला प्रश्न निराळा आहे. अठरा वर्षे उद्धरणे वाढत होती, तेव्हा ती नेमके काय मोजत होती? हा विशिष्ट प्रथिनसमूह आपल्याला आढळत नाही, असे सांगणाऱ्या प्रयोगशाळांनीही मूळ निबंध उद्धृत केलाच असणार. प्रस्तावनेत रिवाज म्हणून नाव घेणारे तर प्रत्येक शास्त्रात असतात. (आपणही ते करतो.) आधार, उपचार आणि प्रतिवाद या तिन्ही व्यवहारांची मोजणीत एकच नोंद होते. उद्धरण हे वापराचे चिन्ह आहे. पडताळणीचा दाखला नव्हे.

उलट उदाहरणही याच क्षेत्रातले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे आलॉइस अल्झायमर यांनी आपल्या रुग्णेच्या मेंदूविषयी व्याख्यान दिले, तेव्हा सभेत एकही प्रश्न विचारला गेला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात त्या विकाराला त्यांचे नाव दिले. १९०७ साली एखाद्या समितीने उद्धरणे मोजून अल्झायमर यांची पदोन्नती ठरविली असती, तर निकाल काय लागला असता, याची कल्पना करणे कठीण नाही.

आपल्या व्यवसायाशी याचा संबंध थेट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील तक्त्यात शोधनिबंधाचे गुण नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार वाढविण्याची तरतूद करण्यात आली. प्रभावांक १० हून अधिक असल्यास ३० गुणांची भर. २००६ चा तो निबंध 'नेचर'मधला असल्याने या तक्त्यावर सर्वोच्च पंक्तीत बसला असता, आणि तो वाचण्याची गरज समितीतील कोणालाही भासली नसती. श्रॅग यांच्यासारख्याने इतरांच्या चित्रांची छाननी करण्यात घालविलेल्या वेळासाठी मात्र प्रभावांकाचा कोणताही स्तंभ उपयोगी पडत नाही. निवड समितीसमोर उमेदवाराने आपले दोनच निबंध ठेवावेत, ते सदस्यांनी आधी वाचलेले असावेत आणि प्रश्न त्यांवरच विचारावेत, ही मागणी प्रस्तुत लेखकास अवाजवी वाटत नाही. वेळ लागेल, ही हरकत खरी आहे.