भारत, ब्राझील आणि पूर्णगडची खाडी

२०१८ सालापासून महाराष्ट्रातल्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी बसलेत. बालभारतीचं ते पुस्तक मला आवडतं. देशांची जंत्री न देता दोनच देश घेतले आणि स्थान-विस्तारापासून पर्यटन-वाहतुकीपर्यंत तीच जोडी धरून ठेवली, हे सोपं नाही. माझी तक्रार आहे ती त्यावरून होणाऱ्या प्रकल्पांबद्दल. पूर्णगडला असे बरेच पाहिले. मधे रेघ, डावीकडे भारत, उजवीकडे ब्राझील, दोन्हीकडे झेंडे, खाली आकडे. अक्षर सुरेख! पण आकडा कुठून आला, कुठल्या वर्षाचा, हे शोधून सापडत नाही. आणि हसू नका, पीएच.डी.च्या प्रपोजलमध्येही हाच तक्ता येतो, फक्त झेंडे नसतात.

किनाऱ्याचीच ओळ घ्या. भारत ७,५१६.६ किमी, ब्राझील ७,४९१ किमी. म्हणजे जवळपास बरोबरी. पण केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात भारताचा आकडा ११,०९८.८१ किमी झाला. तो उतरवून घेतला आणि ब्राझीलचा जुनाच ठेवला की निष्कर्ष तयार: आपला किनारा ब्राझीलच्या जवळजवळ दीडपट. प्रत्यक्षात बदललं ते मोजण्याचं प्रमाण. जुनं मोजमाप १:४५,००,००० प्रमाणावरचं, नवं १:२,५०,००० वरचं. आधी सरळ रेषेत कापली जाणारी वळणं आता मोजली जातात.

हे पूर्णगडच्या किल्ल्यावरून अगदी डोळ्यांना दिसतं. खाली मुचकुंदी समुद्राला मिळते, पलीकडे गावखडी. मोजपट्टी लांब असेल तर किनाऱ्याची रेषा मुखावरून थेट गावखडीला उडी मारते. आखूड असेल तर खाडीत शिरते. मग तिथून परत कुठे फिरायचं? पुलापाशी? भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे? हे नदी सांगत नाही, मोजणाऱ्याने ठरवायचं असतं. लुईस फ्राय रिचर्डसन यांना स्पेन आणि पोर्तुगालमधल्या एकाच सीमेची लांबी ९८७ आणि १,२१४ किमी अशी दोन प्रकारे दिलेली आढळली होती. त्यांच्याच कामाचा आधार घेऊन बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ‘सायन्स’मध्ये ब्रिटनचा किनारा किती लांब, हा प्रश्न मांडला. ब्राझीलचंही तेच. ७,३६७ किमी असंही सांगतात, आणि आत-बाहेरची वळणं धरली की ९,००० च्या वर. मग भारताच्या नव्या आकड्यासमोर यातला कुठला ठेवणार?

लोकसंख्येच्या ओळीतही अशीच गंमत होते. भारताचे १२१ कोटी २०११ च्या जनगणनेतले, आणि त्यांच्यासमोर ब्राझीलचे २०२२ च्या जनगणनेतले २०.३ कोटी. ब्राझीलची २०१० ची जनगणना उपलब्ध असताना! ताजा आकडा चांगलाच, पण तुलनेत जोडीदार बघून घ्यायचा असतो. लॅबमध्ये एक नमुना एका तराजूवर आणि दुसरा भलत्याच तराजूवर तोलला तर गाईड वही परत फेकतील. देशांच्या बाबतीत मात्र आपण फार उदार असतो.

‘शाळेतल्या पोरांकडून एवढी अपेक्षा?’ असं एका शिक्षकांनी मला विचारलं. हो, कारण याला दोरा आणि नकाशे पुरतात. पूर्णगड ते रत्नागिरी हा किनारा ॲटलसमधल्या नकाशावर दोऱ्याने मोजायचा, मग मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर. खाडीत कुठवर शिरलो ते लिहून ठेवायचं. मग ब्राझीलच्या किनाऱ्याचा एक तुकडा, तेवढ्याच प्रमाणाच्या दोन नकाशांवर, तोच नियम लावून. तक्त्यात दोन देशांचे चार आकडे येतील, आणि प्रत्येकाशेजारी नकाशाचं प्रमाण. झेंडे काढायचे असतील तर खुशाल काढा, जागा उरते.